गोणीवरची मोहोर

माल उत्तम असणे निराळे आणि तो गिऱ्हाइकाच्या घरी धड पोहोचणे निराळे, ही गोष्ट आम्हां कोपरखैरणेकरांना कोणी शिकवायला नको. वाशीच्या घाऊक बाजारात गोण्या वाहणाऱ्या माथाडी कामगारांची कितीतरी बिऱ्हाडे आमच्याच वसाहतीत आहेत. शेजारी महापे येथे संगणकाचे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. वरवर पाहता या दोन धंद्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण प्रोग्रामचीसुद्धा गोणी भरावी लागते, शिवावी लागते आणि तिच्यावर मोहोर उठवावी लागते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते.

या गोणीला ‘पॅकेज’ म्हणतात आणि ती आपल्या यंत्रात रिकामी करून देणाऱ्याला ‘इन्स्टॉलर’. गोणीत एकटा प्रोग्राम नसतो. त्याची चित्रे, आवाज, मदतनीस फायली आणि आत काय काय आहे याची यादी, असा सारा प्रपंच दाबून, चेपून भरलेला असतो. 1995 साली आलेली विंडोज 95 ज्यांनी फ्लॉपींवर घेतली, त्यांना 13 चकत्या एकामागून एक घालाव्या लागत. आज तेच काम बोटाच्या एका स्पर्शाने होते. म्हणून ते दिसत नाही, एवढेच.

चांगला इन्स्टॉलर चांगल्या हमालासारखा वागतो. तो आधी दारातून आत डोकावतो : जागा पुरेशी आहे ना? हे यंत्र या मालाला चालेल ना? मग प्रत्येक वस्तू नेमल्या जागी लावतो. विंडोजमध्ये ‘रजिस्ट्री’ नावाची वही असते, तीत नोंद करतो. शेवटी, उद्या बिऱ्हाड हलवायचे झाले तर काय काय उचलायचे, याची याद ठेवून जातो. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र पुसले म्हणजे प्रोग्राम गेला, असे समजणारे गृहस्थ दारावरची पाटी काढून बिऱ्हाड हलले म्हणणाऱ्यांपैकीच होत!

पण गोणीत सारे असूनही काम अडते, कारण प्रोग्राम दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. 2005 च्या सुमारास महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे लेख एका यंत्रावर लिहावेत आणि छापखान्याच्या यंत्रावर उघडावेत, तो कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा! त्या काळच्या अनेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या खणांतच देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट दुसरीकडे नसला की मराठीचा मुखवटा गळून पडे. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारे युनिकोड 1991 पासून होते. पण ते घरोघरच्या यंत्रांत रुजायला बराच काळ गेला. लिनक्सच्या जगात मात्र गोणीच्या यादीतच ‘मला अमुक हवे’ असे लिहिलेले असते, आणि व्यवस्था ते शोधून आणते. 1993 साली सुरू झालेल्या डेबियनची सारी घडी याच पद्धतीवर बसली आहे.

आता मोहोरेविषयी. करणारा आपल्या मालाचा एक आकडेमोडी सारांश काढतो आणि त्यावर आपल्या गुप्त किल्लीची सही करतो. वाटेत एक अक्षर जरी बदलले तरी सही जुळत नाही. ॲण्ड्रॉइड फोन तर जुन्या ॲपवर नवी आवृत्ती चढवताना तीच मोहोर आहे ना, हे पाहूनच माल आत घेतो. पण मोहोर मालकाची ओळख सांगते, त्याची नियत सांगत नाही. 2017 साली ‘सीक्लीनर’ या नावाजलेल्या प्रोग्रामच्या एका आवृत्तीत, करणाऱ्याच्याच घरात शिरून चोरांनी विष कालवले आणि ते अस्सल मोहोरेनिशी लोकांच्या घरी गेले.

आपल्याकडे तर चोर एवढेही कष्ट घेत नाहीत. ते लग्नाची पत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाईल धाडतात. नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ही ॲण्ड्रॉइडची गोणी! आमच्या इमारतीतील एका सेवानिवृत्त गृहस्थांना अशीच पत्रिका आली. वधूवरांची नावे ओळखीची वाटेनात, तरी कुतूहल म्हणून त्यांनी बोट लावले. फोनने विचारले, ‘अनोळखी ठिकाणचे ॲप बसवू का?’ तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, ‘‘बाबा, पत्रिका वाचायची असते, बसवायची कशाला?’’ निवृत्तिवेतनाचे खाते त्या एका वाक्याने वाचले असावे. कारण अशी ॲप्स संदेश वाचण्याची परवानगी मागतात, आणि बँकेचा ओटीपी संदेशातूनच येतो.

सूनबाईंचे हे वाक्य घराघरांत पाठ व्हावे. पत्रिका, पावती, छायाचित्र यांना बसवावे लागत नाही. ॲप घ्यायचे ते फोनच्या अधिकृत दुकानातून किंवा करणाऱ्याच्या स्वतःच्या ठिकाणाहून. विजेरीच्या ॲपने संदेश वाचायला मागितले, तर त्याला दारातूनच परत धाडावे. आणि घात झालाच, तर लाजून बसू नये : फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

दिवाळीत दार उघडे ठेवावे, ही आपली रीत. पण गोणी घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला आपण उंबऱ्यावरच ‘कोणाकडून आलात?’ म्हणून विचारतो. खिशातल्या फोनलाही उंबरठा आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.