आठ वड्या, सोळा वड्या

आमच्या घरी संगणक आला १९९९च्या दिवाळीत. बाबा भेलमध्ये होते, घर भोपाळमधल्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये, आणि संगणक हवा होता मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी. दरवर्षी हस्तलिखित घेऊन कंपोझिंगवाल्याकडे खेपा घालायच्या, आणि हिंदीत वाढलेल्या त्या बिचाऱ्यानं सगळीकडे ‘ळ’चा ‘ल’ केला की पुन्हा जायचं, याला बाबा कंटाळले होते. एमपी नगरच्या झोन-२ मधल्या एका दुकानातून सुटे भाग जोडून घेतलेलं ते यंत्र: पेंटियम थ्री, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड, ६४ एमबी रॅम. खरं तर १२८ घ्यायची होती. पण त्याच वर्षी २१ सप्टेंबरला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला होता आणि जगभर मेमरीचे भाव भडकले होते. दुकानदार म्हणाला, “साहब, अभी चौंसठ में काम चलाओ, बाद में डलवा लेना.”

हे ‘बाद में’ पुढं पंचवीस वर्षं चाललं.

पहिली वेळ आली २००३च्या उन्हाळ्यात. स्मरणिकेत फोटो वाढले होते, पेजमेकर पान उलटायला इतका वेळ घ्यायचा की आई तेवढ्यात चहा टाकून यायची. मध्य प्रदेशात ते दिवस भारनियमनाचे. वर्षअखेरीची निवडणूकच ‘बिजली, सडक, पानी’वर लढली गेली. घरात यूपीएस सतत ओरडत असे, त्यामुळे बीप यूपीएसचा की आतल्या मेमरीचा हे ओळखणं ही एक वेगळीच विद्या होऊन बसली होती. मी स्कूटरवर जाऊन २५६ एमबीची नवी पट्टी आणली. पीसी-१३३ लिहिलेली. आमचा बोर्ड १०० मेगाहर्ट्‌झचा, पण त्याची चिंता नव्हती. वेगवान पट्टी संथ बोर्डाच्या चालीनं चालते. उलट केलं की गडबड. १६८ पिना, दोन खाचा, स्लॉटमध्ये टक् करून बसली. ६४ आणि २५६ मिळून ३२०. चालू करताना पडद्यावर आकडे पळू लागले, ते ३२७६८० वर जाऊन थांबायला हवे होते. १९६६०८ वर थांबले. म्हणजे १९२ एमबी. अर्धी पट्टी गायब.

दुकानात परत गेलो. दुकानदारानं ती आपल्या काउंटरवरच्या नव्या मशीनमध्ये लावून दाखवली, पूर्ण २५६. “माल एकदम ठीक है. आपका बोर्ड पुराना है.” मला वाटलं टोलवतोय. पण तो खरंच बोलत होता, आणि माझी तक्रारही खरी होती. कारण कळायला मला पंधरा दिवस आणि बोर्डासोबत आलेली, कुणीच न उघडलेली ती पातळ पुस्तिका लागली.

पट्टीवर जे काळे चौकोनी तुकडे असतात त्यांना आमच्या आईनं पहिल्याच दिवशी ‘वड्या’ म्हटलं आणि घरात तोच शब्द राहिला. माझ्या पट्टीवर आठ वड्या होत्या, एकाच बाजूला. २५६ एमबी आठ वड्यांत बसवायचे तर प्रत्येक वडी २५६ मेगाबिटची लागते. बीएक्स हा १९९८चा चिपसेट. त्याला १२८ मेगाबिटपर्यंतचीच वडी वाचता येते. त्याहून दाट वडी समोर आली की तो तिचा अर्धाच भाग बघतो आणि पुढं जातो. तेच २५६ एमबी सोळा वड्यांत, आठ या बाजूला आठ त्या बाजूला, पसरलेले असले की प्रत्येक वडी १२८ची होते आणि जुन्या बोर्डाला सगळं दिसतं. क्षमता तीच, नाव तेच, वेग तोच, खाचाही त्याच. फरक फक्त वड्यांच्या संख्येत. आणि माझ्या पट्टीवरच्या चिठ्ठीवर हे कुठंही लिहिलेलं नव्हतं.

सोळा वड्यांची पट्टी शेवटी मिळाली ती एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या भंगारात. त्या काळात भोपाळमध्ये डीसीए आणि पीजीडीसीएच्या पाट्या गल्लोगल्ली होत्या, उघडायच्या तितक्याच वेगानं बंद व्हायच्या. ‘टेस्टिंग वॉरंटी’वर घेतली, म्हणजे काउंटरवर चालली की माल तुमचा, दार ओलांडलं की देवाचा. पण चालली. त्या वर्षीची स्मरणिका आम्ही चतुर्थीच्या चार दिवस आधी छापायला दिली, आणि एकाही ‘ळ’चा ‘ल’ झाला नाही.

मधल्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेंटियम फोर आला, १८४ पिनांची डीडीआर आली. तिच्यात एकच खाच, त्यामुळे जुनी पट्टी नव्यात घुसवण्याचा प्रश्नच मिटला. एका ओळखीच्यांकडे रॅमबस मेमरीचा पेंटियम फोर होता. त्याला पट्ट्या जोडीनंच लागत आणि रिकाम्या स्लॉटात नुसती पोकळ पट्टी खोचावी लागे. त्यांनी वाढवायचा विचार केला तोवर ती मेमरी बाजारातून जवळजवळ उठली होती. त्यावरून माझं एक मत बनलं, ते अजून बदललेलं नाही: मेमरी वाढवायची ती तिच्या पुढची पिढी नुकतीच दुकानात आलेली असताना. तेव्हा जुनीचं उत्पादन चालू असतं आणि गिऱ्हाईक नवीकडे वळलेलं असतं. दोन-तीन वर्षं थांबलात तर तीच पट्टी हुडकायला भंगारवाल्याकडे जावं लागतं.

२०११ मध्ये घरात इंटेल जी-४१ चिपसेटचा बोर्ड आला, दोन स्लॉट, डीडीआर-३, दोन जीबी. या चिपसेटचे बोर्ड काही डीडीआर-२चे, काही डीडीआर-३चे, काहींवर दोन्ही तऱ्हेचे स्लॉट. दोन्ही पट्ट्यांना २४० पिना. खाच फक्त थोडी सरकलेली, पण एकीला १.८ व्होल्ट, दुसरीला १.५. जोर लावून बसवणारे वीर मी पाहिले आहेत.

२०१५ मध्ये आठ जीबी करायचं ठरवलं, चार-चारच्या दोन पट्ट्या. पुस्तिकेत कमाल मर्यादा आठच लिहिली होती, म्हणजे हिशोब सरळ. तरी दुकानात पट्टी हातात आल्यावर नजर आपोआप वड्यांकडे गेली. आठ! आठ वड्यांत चार जीबी म्हणजे प्रत्येक वडी चार गिगाबिटची, आणि जी-४१ला दोन गिगाबिटच्या पुढची वडी कळत नाही. तो अशा पट्टीवर सुरूच होत नाही किंवा भलतंच काही दाखवतो. बारा वर्षांत एमबीचे जीबी झाले, पण भांडण तेच. मी म्हटलं, सोळावाली द्या. पोरगा म्हणाला, “अंकल, दोनों सेम हैं.” त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या दुकानात, दोन्ही बाजूंना वड्या असलेल्या जोडीच्या पट्ट्या मिळाल्या.

घरी बोर्डानं ८१९२ दाखवले. मी खूश. विंडोज उघडलं तर वापरण्याजोगी मेमरी सव्वातीन जीबी. यंत्रावर ३२ बिटचं विंडोज ७ होतं; ते चार जीबीच्या पलीकडे बघूच शकत नाही, आणि त्यातलाही काही पत्ता बाकीच्या हार्डवेअरला द्यावा लागतो. वड्या मोजण्याच्या अभिमानात मी ही गोष्ट तपासलीच नव्हती. रविवार गेला ६४ बिटचं विंडोज चढवण्यात.

ते यंत्र पुढं मंडळाच्या कार्यालयात गेलं आणि तिथं अजून आहे. त्यावर मधल्या काळात विंडोज १० आलं होतं; १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा आधार संपला. विंडोज ११ला रॅम नुसती चार जीबी पुरते, पण टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्या दारावर आमच्या सोळा वड्यांना कोण विचारतो. मी त्यावर लिनक्स मिंट घातलं. वर्गणीच्या पावत्या आणि स्मरणिका, दोन्ही त्यावर होतात.

पण पावसाळ्यानंतर ते अधूनमधून गोठू लागलं. आधी खोडरबर काढलं, पट्ट्यांच्या सोनेरी पिनांवर घासलं. भोपाळचा प्रत्येक मेकॅनिक हा पहिला उपाय करतो आणि दमट हवेनंतर तो निम्म्या वेळा लागूही पडतो. या वेळी नाही. रात्रभर मेमटेस्ट चालवलं, सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या लावून बघितल्या, एक गेली होती.

आता भाव पाहवत नाहीत. एआयच्या डेटासेंटरांसाठी मोठ्या कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. मेमरी महागली की जुन्या पट्ट्याही बाजारात फिरू लागतात.

गेल्या महिन्यात झोन-२ मध्ये गेलो. ज्या गल्लीत पूर्वी संगणकाची दुकानं होती तिथं अर्धी मोबाइलची झाली आहेत. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, डीडीआर-३, चार जीबी. त्यानं पट्टी काढली नाही.

“बोर्ड का फोटो है, अंकल?”

मी फोन पुढे केला. त्यानं चित्र मोठं करून चिपसेटवरचं नाव वाचलं, मागच्या खोक्यात हात घातला, तीन पट्ट्या बाजूला ठेवल्या, आणि चौथी उलटीपालटी करून दोन्ही बाजू पाहिल्या.

“ये वाली चलेगी.”

मीही मोजल्या होत्या.