मोजणीत एक चुकलं आणि संगणकाचा ताबा गेला! काय आहे ‘रेफरन्स काउंटिंग’?

मोबाईलवर ‘सिक्युरिटी अपडेट’ आल्याचा मेसेज दिसतो आणि आपण ‘नंतर बघू’ म्हणत तो बाजूला सारतो. पण कधी कधी त्या अपडेटमधली एकच ओळ यंत्राचा ताबा परक्याच्या हाती जाण्यापासून वाचवत असते. जानेवारी २०१६ मध्ये उघड झालेली लिनक्स कर्नलमधली चूक अशीच होती. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. अँड्रॉईड फोनही लिनक्स कर्नलवरच चालतात.

मोजणी कशासाठी?

समजा, वाचनालयाच्या अभ्यासिकेबाहेर एक पाटी आहे. आत जाताना आकडा एकने वाढवायचा, बाहेर पडताना एकने कमी करायचा. शून्य झालं की शिपाई दिवे घालवतो आणि खोली दुसऱ्या कुणाला देतो. कर्नलही असंच करतो. मेमरीतली एकच वस्तू अनेकजण वापरतात, म्हणून किती जण वापरतायत याचा आकडा ठेवला जातो. तो शून्य झाला की मेमरी मोकळी.

आता चूक दोन प्रकारे होते. कुणी वजाबाकी विसरला, तर खोली रिकामी असूनही दिवे जळत राहतात, म्हणजे मेमरी वाया जाते. कुणी एकदा जास्त वजा केलं, तर आत माणूस बसलेला असतानाच खोली दुसऱ्याला दिली जाते. हा प्रकार जास्त घातक. काम अर्धवट सोडून मध्येच परत फिरावं लागतं, अशा ठिकाणी या चुका हमखास होतात.

२०१६ मध्ये काय घडलं?

लिनक्समध्ये पासवर्ड, गुप्त किल्ल्या ठेवायला ‘कीरिंग’ असतं, म्हणजे किल्ल्यांचा जुडगाच म्हणा. एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःकडे असलेलाच जुडगा पुन्हा मागितला, की आकडा एकने वाढायचा, पण कमी व्हायचाच नाही. वरवर पाहता नुसती मेमरी वाया जाण्याची चूक.

पण हा आकडा ३२ बिटांचा होता. सुमारे ४२९ कोटींनंतर तो जुन्या मीटरसारखा फिरून पुन्हा शून्यावर यायचा! कर्नलला वाटायचं, आता कुणीच वापरत नाही. वापरात असलेली मेमरी मोकळी व्हायची आणि हल्लेखोर तिथे आपली माहिती घुसवू शकायचा. पर्सेप्शन पॉईंट कंपनीच्या संशोधकांनी हे करून दाखवलं. साध्या प्रोसेसरवर अर्ध्या तासात साधा वापरकर्ता यंत्राचा मालक झाला. चूक ३.८ आवृत्तीपासून, म्हणजे जवळपास तीन वर्षं तशीच होती. दुरुस्ती? वजाबाकीची एक ओळ.

पुढे काय बदललं?

२०१७ च्या ४.११ आवृत्तीत मोजणीचा नवा प्रकार आला. आकडा टोकाला पोचला की तिथेच अडकून राहतो, शून्यावर येत नाही. दिवे रात्रभर जळतील, पण खोली परक्याला मिळणार नाही. मात्र एक वजाबाकी जास्त झाली आणि आकडा वेळेआधीच शून्य झाला, तर ते यालाही आधी ओळखता येत नाही. ते काम प्रोग्रॅमरच्या नजरेचंच.

आपल्या हातात काय आहे? या हल्ल्यासाठी हल्लेखोराचा प्रोग्रॅम आधी आपल्या यंत्रावर चालावा लागतो. तेव्हा अनोळखी ॲप टाकू नका. आणि तो अपडेटचा मेसेज पुन्हा आला, तर या वेळी ‘नंतर बघू’ नको!