फोनची मात्रा

गेल्या आठवड्यात आपण दुखण्याच्या निरोपामागून दाताच्या मुळापासून निघून मेंदूतल्या थॅलॅमसपर्यंत पोचलो होतो. आज मेंदूतलाच पुढचा मुक्काम, इन्सुला, असं मी कबूलही केलं होतं. ते आज होणार नाही. अकोल्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही.

त्यांच्या लेकीला सकाळी तारा बसवल्या. दुपारी तिनं पिठलं-भाकरी व्यवस्थित खाल्ली. रात्री मात्र दाताला दात लागू देईना, वरणभात नुसता गिळला. दुसऱ्या दिवशी रडारड. बाई विचारतात, ‘डॉक्टरांनी तार जास्तच ताणली का हो?’

नाही ताणली. हा ठणका उशिराच येतो. ज्या बाजूला दात सरकायचा, त्या बाजूचं मुळाभोवतीचं तंतूंचं अस्तर दाबलं जातं. जाडी त्याची पाव मिलिमीटरच्या आसपास. तिथला रक्तपुरवठा आखडतो, दाह सुरू होतो, प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन तयार होतात आणि मज्जातंतूंची टोकं हळवी होऊन बसतात. मग एरवी ज्याची दखलही घेतली नसती, तो भाताच्या शिताचा दाबसुद्धा कळ आणतो. या सगळ्याला काही तास लागतात. साधारण 24 तासांनी कळस, पुढे उतार, आणि आठवड्याभरात बहुतेकांचं दुखणं थांबतं.

पण मला पकडून ठेवलं ते पत्राच्या शेवटच्या ओळीनं. शेजारच्या मुलाला त्याच डॉक्टरांनी तशाच तारा बसवल्या आणि तो दुसऱ्या दिवशी वडापाव खात होता! असं का? दात किती वेडेवाकडे आहेत यावरून कोण किती कण्हणार, हे मला इतक्या वर्षांत कधी ओळखता आलेलं नाही.

इथे माझा एक लाडका प्रयोग सांगतो. 2005 साली अमेरिकेत बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्यानं तारा बसवलेले 150 जण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. एका गटाला नंतर फोन करून ‘कसं वाटतंय, दुखणं अपेक्षितच आहे’ असा धीर दिला. दुसऱ्या गटाला फोन केला तो फक्त अभ्यासात भाग घेतल्याबद्दल आभार मानायला. तिसऱ्याला फोनच नाही. फोन आलेल्या दोन्ही गटांनी दुखणं कमी नोंदवलं. गंमत म्हणजे त्या दोन गटांत फरक नव्हता. काय बोललं यापेक्षा कुणीतरी आठवणीनं फोन केला, याचीच मात्रा लागू पडली.

‘म्हणजे मनाचे खेळ!’ असं म्हणून हात झटकू नका. 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध नसलेलं, नुसतं नावाचं इंजेक्शन दिलं. काहींना त्यानं आराम पडला. मग नॅलोक्सोन टोचलं. नॅलोक्सोन अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम अडवतं. आराम पडलेल्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. अर्थात तो आराम मेंदूनंच पाझरवलेल्या अफूसारख्या द्रव्यांचा होता. मध्यमेंदूतल्या करड्या भागातून खाली हुकूम जातो आणि दाताकडून आलेला निरोप, त्याचा पहिल्यांदा जिथे हातबदल होतो त्या ट्रायजेमिनल केंद्रकातच, दाबला जातो. धास्तीनं नेमकं उलट होतं, निरोप मोठा होऊन वर जातो.

फोनच्या प्रयोगात कुणी नॅलोक्सोन वापरलं नव्हतं, तेव्हा या दोन प्रयोगांची सांगड माझी आहे. मला ती पटते, एवढंच.

बाईंना दोन गोष्टी सांगतो. गोळी द्यायचीच तर पॅरासिटामॉलबद्दल डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन अडवतात आणि दात सरकायला तेच लागतं. एखाददुसऱ्या गोळीनं काही बिघडत नाही, पण रोजची सवय नको. आणि आठवडा उलटूनही एखादा दात ठणकत राहिला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून या.

हे सदर वाचणाऱ्या दंतवैद्य मंडळींना मात्र विनंती आहे. तारा बसवाल त्या संध्याकाळी पेशंटला एक फोन करा. रिसेप्शनवरच्या ताईंनी केला तरी चालेल.