स्टिअरिंग का थरथरतं? चाकाच्या तोलाचं निदान

(बीड जिल्ह्यातील श्रोत्यांसमोर झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय स्पोर्ट्स कारचा आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या बीडमध्ये स्पोर्ट्स कार आहेत तरी किती? पण रस्त्यावर जरा नीट बघा. साध्या हॅचबॅकला १७ इंची अ‍ॅलॉय आणि रुंद, बुटक्या कडेचे टायर बसवलेल्या गाड्या तालुक्याच्या गावीही दिसतात. गाडी साधी असली तरी तिची चाकं स्पोर्ट्स कारच्या वळणावर गेलेली असतात, आणि त्या चाकांचे आजारही मग तिच्याकडे येतात.

बुटक्या कडेच्या टायरमध्ये हादरा गिळायला रबर कमी असतं. स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन कडक असतं, स्टिअरिंग थेट असतं. रस्ता हाताला कळावा म्हणूनच ती तशी बनवतात. त्यामुळे दुसऱ्या गाडीत लपून राहणारा दोष इथे लगेच हातात येतो.

आधी थोडं गणित. समजा, चाकाच्या रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त आहे. म्हणजे चार-पाच नाणी. गाडी उभी असताना त्याचा काही त्रास नाही. पण ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं, आणि ते ३० ग्रॅम चाकाला सुमारे साडेचार किलोच्या जोराने बाहेर ओढतं. चाकाबरोबर ही ओढही फिरते. कधी वर, कधी पुढे, कधी खाली, सेकंदाला १४ फेऱ्या. ताशी ५० ला हीच ओढ सव्वा किलोच्या आत असते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे लक्षात ठेवा.

आता, स्टिअरिंगच्या सगळ्या जोडणीची स्वतःची एक झुलण्याची लय असते. झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का दिला तरी तो उंच जातो ना, तसंच. बऱ्याच गाड्यांत ही लय ८० ते ११० च्या वेगाला चाकाच्या फेऱ्यांशी जुळते. म्हणून ७० ला गाडी शांत असते, ९० ला स्टिअरिंग थरथरतं आणि १२० ला पुन्हा कमी झाल्यासारखं वाटतं. लोक म्हणतात, "वेग वाढवला की बरं होतं." बरं काही होत नाही. लय चुकते एवढंच. जोर उलट वाढलेला असतो.

निदानाचा पहिला प्रश्न हाच: हादरा कोणत्या वेगाला येतो? ठरावीक वेगालाच येत असेल, तर पहिला संशय बॅलन्सिंगवर. वेगाबरोबर वाढतच जात असेल किंवा ३०-४० लाच गाडी लटपटत असेल, तर टायरमध्ये फुगा आलाय का, आतले थर सुटलेत का, रिम वाकलीय का, हे बघायचं.

दुसरा प्रश्न: हादरा कुठे जाणवतो? हातात आला तर बहुधा पुढची चाकं. सीटखाली किंवा फरशीत आला तर बहुधा मागची.

तिसरा: केव्हा येतो? फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर बॅलन्सिंगवर पैसे घालू नका, आधी ब्रेक डिस्क तपासा. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरायची सवय असेल, तर डिस्क फार तापतात. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की पेडल आणि स्टिअरिंग दोन्ही थरथरतात. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हादरा येत असेल, तर अ‍ॅक्सल-शाफ्टचे सांधे बघा.

चौथी चाचणी: सरळ, मोकळ्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी क्षणभर न्यूट्रलला घ्या. घाटात हे करायचं नाही. हादरा तसाच राहिला तर दोष चाकांकडे, गेला तर इंजिन किंवा त्याच्या माउंटिंगकडे.

आपल्या भागाचं एक खास कारण सांगतो. पावसाळ्यात शेतापर्यंत गाडी जाते. काळी माती रिमच्या आत चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. दुसऱ्या दिवशी धुळे-सोलापूर महामार्गावर स्टिअरिंग थरथरायला लागतं. गॅरेजला जाण्याआधी चाकं आतून पाण्याच्या जोराने धुवा. अनेकदा तेवढ्यावर भागतं.

अ‍ॅलॉय बदलणाऱ्यांसाठी: बाजारातल्या बऱ्याच रिमचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं असतं. मग चाक केसभर बाजूला बसतं. मशीनवर तोल अचूक दाखवतो, रस्त्यावर मात्र हादरा कायम. तिथे मापाची हब-रिंग लागते. हबवरचा गंजही घासून काढायला सांगा, आणि नट एकासमोरचा एक असे आवळायला सांगा, ओळीने नाही.

आणखी एक घोळ. "अलाइनमेंट-बॅलन्सिंग" आपण एका दमात बोलतो, पण ही दोन वेगळी कामं आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एकीकडून झिजतो. बॅलन्सिंग म्हणजे वजनाचा तोल. रुंद चाकात आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कडांचा तोल साधावा लागतो. वजनं फक्त बाहेरून लावली, तर काम अर्धंच झालं.

हे सगळं एवढं का सांगतोय? आपण जालन्याजवळ समृद्धीवर चढतो. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि तो वेग तासन्‌तास टिकतो. टायरचे थर सुटत असतील, तर फुटण्याआधी तो अनेकदा हादऱ्यातून सांगतो. म्हणून नव्याने सुरू झालेला किंवा दिवसेंदिवस वाढणारा हादरा घेऊन लांब जाऊ नका. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. कडेला हात फिरवून फुगा बघा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर बदला.

प्रश्न : पंक्चर काढल्यापासून हादरा येतोय, असं का?

उत्तर : चाक काढताना वजन पडलं असेल, किंवा टायर रिमवर पूर्वीच्या जागेवरून सरकून बसला असेल. आत पंक्चररोधक लिक्विड टाकलं असेल, तर ते एका जागी जमूनही तोल जातो. पुन्हा बॅलन्सिंग करून घ्या.

प्रश्न : नायट्रोजन भरल्यावर हादरा जातो का?

उत्तर : नाही. हवा कोणतीही भरा, तोल वजनाचा असतो. टायर थंड असताना हवेचा दाब बरोबर ठेवा, तेवढं पुरे.

प्रश्न : गाडी चार महिने उभी होती, आता हादरते.

उत्तर : उभं राहून टायर खालून चपटा होतो. आधी हवा भरा. वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश चालवल्यावर टायर तापून बरेचदा पूर्ववत होतो. नाही झाला, तर तो टायर काढून तपासा, आणि तोवर महामार्गाला लागू नका.