धूर मागाहून येत नाही

दिवाळीचा बोनस हाती आला की सांगवी-पिंपरीच्या दुकानांत अत्तराच्या कुप्या हाताळल्या जातात. दुकानदार मनगटावर थेंब लावतो, गिऱ्हाईक लगेच हुंगते आणि पैसे मोजते. घरी पोचेपर्यंत वास निराळा झालेला असतो. ‘अत्तर बदललं’ अशी तक्रार मग ठरलेलीच. खरे पाहता बदलते ते मिश्रणातले प्रमाण.

लिंबाची साल, मरवा, दवणा आणि नागरमोथा यांचे एक मिश्रण घेऊ. नागरमोथा आपल्या उटण्यातलाच. त्याच्या तेलाचा वास मातकट, धुरकट. लिंबाच्या सालीतील लिमोनीनच्या रेणूत कार्बनचे 10 अणू असतात. नागरमोथ्याच्या तेलातले बहुतेक रेणू 15 कार्बनचे, म्हणून जड. लिमोनीन 176 अंश सेल्सिअसला उकळते आणि त्वचेचे तापमान जेमतेम 33 अंश असते. तरीही ते उडते. दोरीवरची ओली साडी पाणी न उकळताच वाळते, तसेच हे. हलके रेणू आधी जातात, जड रेणू रेंगाळतात.

म्हणून पहिल्या काही मिनिटांत लिंबू आणि मरव्याचा ताजेपणा जाणवतो. दवण्यातील मुख्य घटक दाव्हानोन हाही 15 कार्बनचा. त्यामुळे जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा हिरवा गंध पुढेही टिकतो. तास-दोन तासांनी धूर वर येतो. तो पहिल्या क्षणापासून तिथेच होता. ताजेपणाची गर्दी ओसरल्यावर नाकाला दिसला, इतकेच.

त्वचेचाही यात वाटा असतो. तेलकट त्वचेत सुगंधी रेणू विरघळून राहतात, कोरड्या त्वचेवरून लवकर उडतात. एकच अत्तर दोन भावांच्या अंगावर वेगळे वाटते, त्याचे हे एक कारण. शिवाय तोच वास सतत घेऊन नाक थकते. आपल्याला येईनासा झालेला वास शेजारच्याला येत असतो.

आपल्याकडे गंधाचा असा टप्प्याटप्प्याने विचार फार पूर्वी झाला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ उजेडात आणले. ‘गंधवादा’वर तर मराठी टीका आहे. ‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया येतात. धूपन म्हणजे द्रव्याला सुगंधी धुरी देणे. धूर हा तिथे सुगंध घडवण्याचाच एक भाग आहे.

तेव्हा यंदा अत्तर घेताना एक थेंब मनगटावर आणि एक कागदाच्या पट्टीवर लावून घ्या, आणि बाजारातली बाकीची खरेदी उरका. कागद त्वचेसारखा उबदार नसतो, त्याला घामही येत नाही. म्हणून दोन्ही वास ताडून पाहा. दोन तासांनी मनगटावर उरलेला वास आवडला, तरच परत जाऊन कुपी घ्या. दिवसभर सोबत राहणार आहे तो हाच.