लेहची सहल : जाताना श्रीनगर, येताना मनाली

आजी-आजोबा, मुले असे सारे घर मोटारीने लेहला निघणार असेल, तर आधी उंचीचा हिशेब मांडावा. मनालीच्या वाटेवर अनेकजण सरचूला मुक्काम करतात. हे ठिकाण सुमारे ४,३०० मीटरवर आहे. तिथे रात्री कुणाचे डोके ठणकले, उलट्या सुरू झाल्या, तर खाली उतरायला हवे. पण दोन्ही बाजूंना उंच खिंडी! त्यापेक्षा जाताना श्रीनगरचा रस्ता बरा. कारगिलचा मुक्काम २,७०० मीटरच्या आसपास पडतो. लेहला (३,५०० मीटर) पहिले दोन दिवस निव्वळ आराम. पँगाँगची घाई नको. मनालीची वाट परतीला घ्यावी, तोवर अंगाला उंचीची सवय होते. लहानग्यांना डोकेदुखी सांगता येत नाही. जेवण टाकून मूल किरकिरू लागले, तर तो हट्ट समजून रागावू नये.