चीजवर बुरशी का येते?

आज चीजचं पाकीट फोडल्यानंतर काय होतं ते पाहू.

फ्रीजमध्ये उरलेल्या तुकड्यावर हिरवट-निळे ठिपके दिसले की पहिला संशय दुकानदारावर जातो. पण बुरशीचे बीजाणू आपल्याच स्वयंपाकघराच्या हवेत कायम तरंगत असतात. पाव, कांदे-बटाटे, पावसाळ्यात ओल आलेली भिंत, कुठूनही ते येतात. पाकीट उघडलं, सुरी लावली, बोटांनी तुकडा उचलला की ते चीजवर बसलेच.

बसलेले बीजाणू रुजतात, कारण चीज त्यांना मानवतं. दुधातलं बरंचसं पाणी काढून ते टिकाऊ करणं हाच चीजचा मूळ हेतू. विरजणातले जिवाणू आंबटपणा आणतात, मीठ उरलेलं पाणी बांधून ठेवतं आणि दूध नासवणारे बहुतेक जिवाणू तिथे टिकत नाहीत. बुरशीला मात्र आंबट चालतं, खारट चालतं, कमी पाणीही चालतं. पेनिसिलियम गटातल्या अनेक बुरश्या तर ४ अंश सेल्सिअसलाही हळूहळू वाढत राहतात, म्हणूनच फ्रीज बुरशीला उशीर लावतो, थांबवत नाही. तिची एकच मोठी अडचण असते : हवा. ऑक्सिजनशिवाय तिची वाढ खुंटते. लोणच्यावर तेलाचा थर ठेवण्यामागे जे कारण आहे, तेच चीजच्या हवा काढलेल्या पाकिटामागे आहे.

हवेचं हे महत्त्व सगळ्यात स्पष्ट दिसतं ते दक्षिण फ्रान्समधल्या रोकफोर गावात. तिथल्या कोंबालू डोंगरात नैसर्गिक गुहा आहेत आणि खडकांच्या भेगांतून त्यांत सतत गार, दमट वारा खेळतो. तापमान साधारण ८ ते १२ अंश, आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास. मेंढीच्या दुधाचं चीज इथे मुरतं. त्यात पेनिसिलियम रोकफोर्टी ही बुरशी मुद्दाम घातलेली असते. पण नुसती घालून भागत नाही. चीजच्या गोल वड्यांना सुयांनी आरपार भोकं पाडतात. त्या भोकांतून हवा आत गेली की निळ्या शिरा धरतात. पुरेशी बुरशी आली की वड्या पातळ धातूच्या पत्र्यात गुंडाळतात. हवा तुटते, बुरशीचा वेग मंदावतो आणि चीज पुढे सावकाश मुरत राहतं. किमान ९० दिवस मुरल्याशिवाय त्याला रोकफोर म्हणता येत नाही. या नावाला फ्रान्सने 1925 साली कायद्याचं संरक्षण दिलं. मला या कारागिरीचं फार अप्रूप वाटतं : हवा केव्हा द्यायची आणि केव्हा तोडायची, एवढ्यावर सगळी चव उभी आहे.

आपल्या घरी हवा तोडायची वेळ पाकीट उघडल्याबरोबरच येते. तरीही चीज प्लॅस्टिकमध्ये करकचून गुंडाळू नये. त्याला घाम सुटतो आणि तो ओलावा पृष्ठभागावरच अडकून बुरशीला पाणी पुरवतो. आधी बटर पेपर आणि मग घट्ट झाकणाचा डबा, हे उत्तम. डबा फ्रीजच्या दारात ठेवू नका. दार उघडलं की बाहेरची दमट हवा गार चीजवर आदळते आणि दव धरतं. मुंबई-कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत तर हे हमखास होतं. आतल्या बाजूचा कप्पा बरा. सुरी कोरडी, स्वच्छ हवी. लागेल तेवढंच किसा, कारण किसल्यावर हवेला उघडा पडणारा भाग कितीतरी पटींनी वाढतो. काही पाकिटांवर २३५ हा क्रमांक दिसतो. तो नॅटामायसिन या बुरशीरोधकाचा. पृष्ठभागावर त्याचा उपयोग होतो, पण पाकीट उघडल्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

आता नेहमीचा प्रश्न : बुरशी आली तर कापून खावं का? चेडार, पार्मेझानसारख्या कडक चीजमध्ये पाणी कमी असतं, बुरशीचे तंतू खोल जाऊ शकत नाहीत. ठिपक्याच्या चहूबाजूंनी आणि खालून किमान अडीच सेंटिमीटर भाग काढून उरलेलं खाता येतं. मात्र कापताना सुरी बुरशीतून ओढू नका, नाहीतर तीच घाण स्वच्छ भागाला लागते. मऊ चीज, स्लाइस, किसलेलं चीज आणि पनीर यांना हा नियम लागू नाही. ओलसर मऊ भागात तंतू डोळ्यांना न दिसता पसरतात, काही बुरश्या विषारी द्रव्यं सोडतात आणि सोबत जिवाणूही वाढलेले असू शकतात. पनीरचा एक कोपरा हिरवा आणि बाकी पांढरंशुभ्र असलं, तरी सगळं टाकून द्या. वास घेऊन पाहू नका, बीजाणू नाकात जातात. पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि तो डबा व फ्रीजचा कप्पा त्याच दिवशी धुऊन, कोरडा पुसून घ्या.